बेअर्सचा ड्राफ्ट २०२४: पहिल्या नंबरची नाही, मला ९ नंबरची धाकधूक आहे

मिशिगनकाठ | १४ एप्रिल २०२४, रात्री ९:४०

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची निवड) अकरा दिवसांवर आला. २५ तारखेला डेट्रॉइटमध्ये पहिलं नाव पुकारलं जाईल ते शिकागो बेअर्सचं, आणि ते यूएससीचा (दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा, केलेब विल्यम्सच असणार. १६ मार्चला आपला आधीचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सला पिट्सबर्गला पाठवलं तेव्हाच हा विषय मिटला. घरात सगळे खुशीत आहेत, मुलाने जर्सीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हा धागा.

केलेबच्या खेळाबद्दल मला शंका नाही. शंका आपल्या संघाबद्दल आहे. २०१७ ला आपण एक घर वर सरकून दुसऱ्या नंबरला क्वार्टरबॅक ट्रुबिस्की घेतला, त्या एका घरासाठी ३ जादा निवडी मोजल्या. त्या मोसमानंतर लगेच कोच जॉन फॉक्स गेले. २०२१ ला ११ नंबरपर्यंत वर जाऊन फील्ड्स घेतला, आणि पुढच्या जानेवारीत कोच नॅगी आणि जनरल मॅनेजर पेस दोघेही गेले. म्हणजे दोन्ही वेळा पोराला ज्यांनी निवडलं किंवा शिकवायला घेतलं, ते वर्षभरात घरी. आता तिसरा येतोय, आणि मुख्य कोच एबरफ्लूस यांची दोन वर्षांची कामगिरी ३-१४ (३ विजय, १४ पराभव) आणि ७-१०. आक्रमणाचा कोच शेन वॉल्ड्रन नुकताच आलाय. २०२४ ची सुरुवात बिघडली तर केलेबचंही तेच होणार का?

फील्ड्सने सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना मी विसरलेलो नाही. सप्टेंबर २०२१, क्लीव्हलँड. ९ वेळा सॅक झाला तो, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. पूर्ण सामन्यात पासिंगचे निव्वळ यार्ड किती? १. एक! त्या दिवशी टीव्ही बंद करून मी लेक मिशिगनच्या काठी जाऊन बसलो होतो.

आणि यंदा हातात निवडी फक्त ४ आहेत: १, ९, ७५ आणि १२२. दुसऱ्या फेरीची निवड बचावपटू मॉन्टेझ स्वेटसाठी वॉशिंग्टनला गेली, चौथ्या फेरीची स्वतःची रिसीव्हर (पास झेलणारा) कीनन अ‍ॅलनसाठी चार्जर्सना गेली. म्हणून ९ नंबर चुकला तर सावरायला जागाच नाही. तुम्ही त्या जागी कोणाला घ्याल आणि का, ते सविस्तर लिहा. नुसती नावं नकोत.

पाचवा_डाउन | १४ एप्रिल, रात्री १०:२५

कोचबद्दलची भीती शंभर टक्के मान्य. ९ नंबरचं माझं उत्तर: रिसीव्हर रोम ओडुन्झे उरला असेल तर डोळे मिटून तोच.

अ‍ॅलन या २७ एप्रिलला ३२ चा होतोय आणि त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय. पुढच्या वर्षी आपला दुसरा रिसीव्हर डी. जे. मूर पुन्हा एकटा पडणार. ओडुन्झेने गेल्या मोसमात वॉशिंग्टन विद्यापीठासाठी ९२ झेल आणि १,६४० यार्ड केले, त्यातले कितीतरी झेल अंगाला बचावपटू चिकटलेला असताना. क्वार्टरबॅक अडचणीत सापडला की तो अशाच माणसाकडे चेंडू फेकतो.

दुसरं कारण पैशाचं. गेल्या वर्षी पहिल्या नंबरला गेलेल्या क्वार्टरबॅक ब्राइस यंगचा ४ वर्षांचा पूर्ण करार ३ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास आहे. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरोला एका वर्षाला सरासरी साडेपाच कोटी मिळतात. यंदाची पगारमर्यादा २५ कोटी ५४ लाख. म्हणजे केलेब स्वस्तात आहे तोवरच बाकीचा संघ भरून घ्यायचा असतो. महागडा रिसीव्हर बाजारातून आणण्यापेक्षा तोही नव्या खेळाडूच्या करारावर मिळाला तर ४ वर्षं दोघे एकत्र वाढतील.

आणि सॅकबद्दल एक कडू गोष्ट. सगळे सॅक लाइनच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या फळीच्या) माथी मारू नका. फील्ड्स २०२२ ला ५५ वेळा पडला, त्यात चेंडू हातात जास्त वेळ ठेवण्याची त्याची सवयही होती. केलेबलाही तीच सवय आहे. ती त्याची ताकद आहे आणि खोडही. तुम्ही ५ ऑल-प्रो (लीगमधले सर्वोत्तम ठरलेले) उभे केलेत तरी चार सेकंद कोणी कोणाला थोपवत नाही.

गार्डची_आई | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

नमस्कार, मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. पण लाइनचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात लेफ्ट गार्ड आहे, म्हणजे लाइनच्या मधल्या सेंटरच्या डाव्या हाताचा. तीन वर्षं मी दर शुक्रवारी रात्री थंडीत बसून चेंडू नाही, त्याचे पाय बघतेय. या पोरांचा सराव बघितलात तर अर्ध्या वेळेस मैदानात चेंडूच नसतो. पाच जण खांद्याला खांदा लावून उभे, सेंटरने हाक दिली की पाचही पावलं एकदम पडली पाहिजेत. समोरचे दोघे आत-बाहेर जागा बदलून धावून आले तर कोण कोणाला धरणार हे न बोलता कळलं पाहिजे. गेल्या वर्षी आमचा लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा) घोटा दुखावून बसला. त्याच्या जागी आलेला मुलगा अंगाने त्याच्याहून मोठा होता. तरीही दोन आठवडे आमची सगळी डावी बाजू कोसळली, कारण माझ्या मुलाला त्याची चाल माहीत नव्हती आणि त्याला माझ्या मुलाची.

म्हणून मला बेअर्सची काळजी वाटते ती एका खेळाडूची नाही, सलग खेळण्याची आहे. ब्रॅक्सटन जोन्स पाचव्या फेरीतून, १६८ नंबरला येऊन लेफ्ट टॅकल झाला याचं मला फार कौतुक आहे. पण गेल्या वर्षी मानेच्या दुखापतीने तो किती सामने बाहेर होता! टेव्हन जेन्किन्स चांगला आहे, पण अंगावर सतत काहीतरी दुखणं. सेंटरला रायन बेट्स की कोलमन शेल्टन हेच अजून ठरायचंय. एकटा डार्नेल राइट तेवढा भक्कम वाटतो.

९ नंबरला ओरेगन स्टेटचा फुआगा किंवा पेन स्टेटचा फाशानू यांपैकी एखादा टॅकल असेल तर मी तो घेईन. रिसीव्हर झेल घेईल हो, पण फेकणारा उभा तर राहिला पाहिजे.

कर्वेरोड | १५ एप्रिल, सकाळी ७:५०

पुण्यातून लिहितोय. दोन वर्षं झाली बघायला लागून, सामने आमच्याकडे रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात. ड्राफ्ट म्हटलं की मला आठवतो तो २०१७ चा, मुंबईत २३ जुलैला झालेला आयएसएलचा. एफसी पुणे सिटीसाठी आम्ही नावं लिहून बसलो होतो. पण तिथे आधीच नावाजलेले खेळाडू होते आणि प्रत्येकाची किंमत ठरलेली होती. इथे कॉलेजातून येणारा, व्यावसायिक संघासाठी एकही सामना न खेळलेला मुलगा, आणि त्याच्यावर संघाचं अख्खं भवितव्य. सगळ्यात वाईट संघाला सगळ्यात चांगला मुलगा मिळतो, हे कुठून आलं? आणि बेअर्स तर ७-१० होते, त्यांच्याकडे पहिला नंबर कसा?

नेपरव्हिलकर | १५ एप्रिल, सायंकाळी ६:०५

कर्वेरोड, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. २०२३ साली पहिला नंबर बेअर्सकडेच होता. आपले जनरल मॅनेजर पोल्स यांनी तो कॅरोलायनाला दिला आणि त्या बदल्यात डी. जे. मूर, ९ आणि ६१ हे दोन नंबर, २०२४ ची त्यांची पहिल्या फेरीची निवड आणि २०२५ ची दुसऱ्या फेरीची घेतली. मग कॅरोलायना २-१५ झाली आणि त्यांचा नंबर पहिला आला. तो आपला. स्वतःचा मोसम ७-१० झाला, त्याचा नंबर ९. या संघाच्या बाबतीत मला फार थोड्या गोष्टींचा अभिमान बाळगता येतो, हा सौदा त्यातला एक.

आता पहिला प्रश्न. १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. तिथल्या ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची ती कल्पना. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवायचे आणि गरीब संघ कायम तळाला राहायचे, म्हणून उलट्या क्रमाने निवड. त्या पहिल्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव होतं जे बर्वँगर, शिकागो विद्यापीठाचा, आदल्याच वर्षी सुरू झालेल्या, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीचा पहिला मानकरी. ईगल्सनी त्याचे हक्क बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांना देऊन टाकले. पण पैशावरून जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. ड्राफ्टच्या इतिहासातलं पहिलं नाव शिकागोचं, आणि तेच हातातून निसटलेलं. बेअर्सनी स्वतः पहिल्या नंबरला शेवटचं नाव पुकारलं ते १९४७ साली. पुढच्या आठवड्यात ७७ वर्षांनी ते पुन्हा घडेल, म्हणून माझ्यासारख्याला त्याचं अप्रूप.

९ नंबरबद्दल उद्या लिहितो, आज नात आली आहे.

पिवळंहिरवं | १५ एप्रिल, रात्री ८:३०

मिलवॉकीहून, तुमच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा, पॅकर्सचा. परवानगी असेल तर दोन शब्द.

आमच्याकडे १९९२ पासून तीनच मुख्य क्वार्टरबॅक झाले. रॉजर्सला २००५ ला २४ नंबरला घेतलं, तो ३ वर्षं फार्व्हच्या मागे बसला. लव्हला २०२० ला २६ नंबरला घेतलं, तोही ३ वर्षं बसला. त्यावर आमच्याच लोकांनी किती आरडाओरडा केला होता ते मला आठवतं, मीही त्यात होतो आणि मी चुकलो. तुमच्या संघाला हे बसवून ठेवणं परवडणार नाही, पहिल्या नंबरचा मुलगा पहिल्याच दिवशी खेळवावा लागेल. म्हणून कोच टिकणं तुमच्यासाठी आमच्याहून जास्त महत्त्वाचं आहे.

पण ९ नंबरला मी तुमच्या जागी असतो तर पासरशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) घेतला असता. मोसमातल्या तुमच्याविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात लव्हने ३२ पैकी २७ पास पूर्ण केले. त्याला आरामात उभं राहता येत होतं. स्वेट आल्यापासून तुमचा बचाव बदलला, शेवटच्या ८ पैकी ५ सामने तुम्ही जिंकलात. पण तो एकटा आहे. मोसमाच्या मध्यावर येऊनही तोच तुमच्याकडे सगळ्यात जास्त सॅकवाला ठरला! दुसऱ्या टोकाला अलाबामाचा डॅलस टर्नर आला तर आम्हाला वर्षातून दोनदा त्रास होईल. मी हे मनापासून सांगतोय.

साठ_यार्ड | १६ एप्रिल, दुपारी १२:१५

सगळे केलेबला गृहीत धरून चाललेत. मला तो मुलगाच पटत नाही. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्ध हरल्यावर प्रेक्षकांत चढून आईच्या गळ्यात पडून रडला होता. शिकागोत डिसेंबरच्या वाऱ्यात, लागोपाठ चार सामने हरल्यावर हा काय करणार? त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्षही ८-५ गेलं. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स जास्त परिपक्व वाटतो.

गार्डची_आई | १६ एप्रिल, दुपारी १:३०

साठ_यार्ड, तुमचं मत तुमचं. पण तो सामना मी पाहिला होता. ५२-४२ असा हरले ते. स्वतःच्या संघाने ४२ गुण केले आणि तरी हरला, एकवीस वर्षांचा मुलगा. आईजवळ रडला, यात वाईट काय झालं? माझा मुलगा सामना हरल्यावर गाडीत बसतो, हेल्मेट मांडीवर ठेवतो आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही. तो रडला तर मला बरं वाटेल. ज्याला हरल्याचं काहीच वाटत नाही अशाची मला भीती वाटते.

पाचवा_डाउन | १६ एप्रिल, दुपारी २:००

ताईंशी सहमत. आणि साठ_यार्ड, ८-५ बद्दल: त्या वर्षी यूएससीच्या बचावाने प्रतिस्पर्ध्यांना किती गुण दिले ते बघा, मग केलेबचे ३० टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) बघा. आदल्या वर्षी, २०२२ ला, याच मुलाने ४२ टचडाउन पास टाकून हाइझमन जिंकली. डॅनियल्स उत्तम आहे, पण अंगाने सडपातळ आणि पळताना मार चुकवत नाही. माझी शंका केलेबच्या चेंडू निसटण्यावर आहे. लाइनच्या आडोशातून बाहेर पळताना तो चेंडू एका हातात सैल धरतो. ते शिकवून सुधारतं, पण शिकवणारा पाहिजे. पुन्हा गाडी तिथेच येते.

मिशिगनकाठ | १६ एप्रिल, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पिवळंहिरवं, तुमचं आमच्या धाग्यावर स्वागत, आणि टर्नरचा मुद्दा मला टोचला कारण तो खरा आहे. पण ब्राइस यंगकडे बघा. गेल्या वर्षी तोही पहिल्या नंबरचा होता. ६२ वेळा सॅक झाला, आणि मोसम संपता संपता लोक त्याला अपयशी म्हणायला लागले. २००२ चा ह्यूस्टनचा डेव्हिड कार, पहिल्या नंबरचाच, पहिल्या वर्षी ७६ सॅक. तो विक्रम अजून आहे. दुसरीकडे क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड दुसऱ्या नंबरला गेला, त्याच्या डाव्या बाजूला टन्सिलसारखा टॅकल होता आणि वर्षभरात तो प्लेऑफमध्ये. हे तिघे एकमेकांपेक्षा इतके चांगले-वाईट होते, असं मला वाटत नाही.

एक विचारतो: ९ वरून खाली सरकावं का? दुसऱ्या फेरीची निवड परत मिळाली तर टॅकल आणि पासरशर दोन्ही येतील.

पाचवा_डाउन | १६ एप्रिल, रात्री ९:५०

१२-१३ नंबरपर्यंत सरकून दुसऱ्या फेरीची निवड मिळत असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण आपल्याला हवे ते पहिले तिघे रिसीव्हर (हॅरिसन, नेबर्स, ओडुन्झे) त्याआधीच जातील. वर क्वार्टरबॅक जितके जास्त जातील तितकं आपलं चांगलं. केलेब सोडून आणखी तिघे पहिल्या आठात गेले तर ओडुन्झे नक्की आपल्यापर्यंत घसरेल.

आणि सरकण्याची किंमत विसरू नका. गेल्या वर्षी ९ वरून १० ला एकच घर सरकलो, त्या जागेवर फिलाडेल्फियाने बचावपटू जेलन कार्टर उचलला. आपल्याला राइट मिळाला, तो चांगलाच आहे. यंदाची ती १२२ नंबरची निवड त्याच सौद्यातली. कार्टर सोडल्याबद्दल एक चौथी फेरी. हिशोब कोणी कसा लावावा?

नेपरव्हिलकर | १७ एप्रिल, सकाळी ६:४०

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. मी १९८४ च्या ऑगस्टमध्ये या गावात आलो, खिशात विद्यापीठाचं पत्र आणि एक स्वेटर. ऑक्टोबरमध्ये बेअर्सच्या पेटनने जिम ब्राउनचा धावण्याच्या यार्डांचा विक्रम मोडला तेव्हा वसतिगृहात अख्खा मजला ओरडत होता आणि मला काय झालं तेच कळलं नव्हतं. पुढच्या मोसमात कळायला लागलं. २६ जानेवारी १९८६, सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडवर ४६-१०. त्यानंतर ३८ वर्षं झाली.

त्या संघाबद्दल सगळे बचावाचंच बोलतात. मी मात्र अलीकडे त्यांची आक्रमणाची लाइन आठवतो. कोव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गेनबर्ग, थेयर, व्हॅन हॉर्न. मॅकमहन क्वार्टरबॅक म्हणून १९८२ ला ५ नंबरला आला. व्हॅन हॉर्न त्याच्या आधीच्या वर्षी पहिल्या फेरीत घेतलेला होता. हिल्गेनबर्गला त्याच वर्षी कोणीच निवडलं नव्हतं, तो तसाच येऊन सेंटर झाला. आणि मॅकमहन आल्यावर पुढच्याच ड्राफ्टमध्ये पहिली निवड कोणाची? जिम्बो कोव्हर्ट, लेफ्ट टॅकल, ६ नंबर. मग १८ ला वेगवान रिसीव्हर विली गॉल्ट. थेयर चौथ्या फेरीतून, बोर्ट्झ आठव्या फेरीतून, आणि तो तर कॉलेजात बचावात खेळायचा. त्याच आठव्या फेरीत २०३ नंबरला रिचर्ड डेंट. एका ड्राफ्टमध्ये टॅकल, रिसीव्हर, पासरशर, तिन्ही!

तेव्हा १२ फेऱ्या होत्या, आपल्याकडे आता ४ निवडी आहेत, हे मला कळतं. पण क्रम बघा. पोराला आणलं आणि लगेच त्याच्या भोवती भिंत उभारली, आणि डिट्का हे कोच त्याच वर्षी आले आणि राहिले. मॅकमहनच्या हाताला, पाठीला, मूत्रपिंडाला काय काय झालं तरी त्याच्या डोक्यावर दर वर्षी डावांची नवी वही कोणी टाकली नाही.

पोल्स स्वतः बोस्टन कॉलेजात लाइनवर खेळलेले आहेत. २०१७ ला क्वार्टरबॅक महोम्सला निवडणाऱ्या कॅन्सस सिटीच्या खात्यात ते होते. महोम्सला तिथे वर्षभर बसवलं, आणि शिकवणारा माणूस बदलला नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं आहे. म्हणून मी यंदा थोडी आशा धरतो. ९ ला ओडुन्झे असेल तर घ्यावा, मी पाचवा_डाउन यांच्या बाजूने. पण मग ७५ ला टॅकलच पाहिजे, दुसरं काही नको. कच्चा असला तरी चालेल, लांब हातांचा, वर्षभर जोन्सच्या मागे शिकेल असा. गार्डची_आई, तुमचं म्हणणं मी असं अर्धं ठेवलं, राग मानू नका.

गार्डची_आई | १७ एप्रिल, सकाळी ७:२०

राग कसला काका. ७५ ला टॅकल मिळत असेल तर मी ओडुन्झेला तयार आहे. फक्त तो मुलगा पहिल्याच आठवड्यात डाव्या टोकाला उभा करायची वेळ येऊ नये.

कर्वेरोड | १७ एप्रिल, सकाळी ८:०५

काका, ते बर्वँगरचं मी ऑफिसातल्या दोघांना सांगितलं. पहिल्या रात्री मी पहाटे साडेपाचला उठून बसणार आहे.

मिशिगनकाठ | २४ एप्रिल, रात्री १०:३०

उद्या संध्याकाळी ७ वाजता. दहा दिवस हा धागा मी रोज उघडून वाचला. टॅकलच पाहिजे असं म्हणत सुरुवात करणार होतो, आता माझं मत काकांसारखं झालंय: ओडुन्झे असेल तर ओडुन्झे, नसेल तर फुआगा, आणि टर्नर एकटाच उरला तरी मी तक्रार करणार नाही. कोचबद्दलची भीती मात्र तशीच आहे. तिला उद्या रात्री उत्तर मिळणार नाही, ते नोव्हेंबरात कळेल.

गार्डची_आई | २४ एप्रिल, रात्री १०:५०

उद्या सात वाजता मुलाला वजनांच्या सरावाला सोडायचंय, मी गाडीतच असेन आणि तिथे नेट धड चालत नाही. ९ नंबरचं नाव आलं की इथे कोणीतरी लिहाल का? हे पान तेवढं उघडतं.

मिशिगनकाठ | २४ एप्रिल, रात्री १०:५५

लिहितो ताई. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला १० मिनिटं असतात, म्हणजे साडेआठच्या आत येईल. पहिलं नाव आधी टाकतो, मग नववं.